मिटलेल्या डोळ्यांची फट

वस्ताद, आज सकाळी कारखान्याच्या वसाहतीतल्या हॉलमध्ये माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीनं मला विचारलं, "सर, सामनेवाली कब झपटेगी, ये पता कैसे चलता है?" ती गादीवर कुस्ती खेळते, तुम्ही मला मातीत खेळवलंत, पण प्रश्न तोच. मी म्हणालो, "आँखें मत देख, आँखें झूठ बोलती हैं. पैर देख." बोलताना माझ्या तोंडून तुमचाच आवाज आला.

गावाहून भोपाळला आलो तेव्हा माझ्याकडे ताकद होती आणि एक सवय होती. पंचानं हात मिळवून दिले की मी चिमूटभर माती कपाळाला लावायचो, डोळे मिटून मारुतीचं नाव घ्यायचो आणि मग भिडायचो. गावात समोरचाही तेच करायचा, त्यामुळे दोघांचं नाव घेऊन होईपर्यंत कुस्ती थांबायची. इथे कोण थांबणार? इथल्या सोनागिरीच्या आखाड्यात एका दुधवाल्याच्या पोरानं माझे डोळे मिटलेले असतानाच खाली घुसून, पाय ओढून पट काढला. उघडले तेव्हा मला आभाळ दिसत होतं. छातीवर बसून तो विचारतो, "पंडितजी, पूजा हो गई?" सगळा आखाडा हसला, आणि तेव्हापासून मी पंडितजी झालो.

पुढे कारखान्याच्या खेळाडू भरतीत आमच्या वजनाची एकच जागा निघाली. शेवटची कुस्ती त्याच्याशीच होती. जिंकलो तर पक्की नोकरी, हरलो तर गावी परत. आदल्या संध्याकाळी तुमच्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात तुम्ही मला जेवायला बसवलंत. काकू भाकरी थापतायत आणि तुम्ही घास हातात धरून सांगताय, "उद्या नेहमीसारखाच नमस्कार कर. त्याला वाटू दे, हा पुन्हा डोळे मिटणार. फक्त मिटू नको."

मी म्हणालो, "वस्ताद, देवाच्या नावानं फसवू?"

तुमचा घास परत ताटात गेला. "नाव खरं घे ना लेका! डोळे मिटायला कोणी सांगितलंय? मारुती काय डोळे मिटून लंकेला गेला?"

"अहो, जेवू द्या त्याला," काकू म्हणाल्या. मग माझ्या ताटात भाकरी टाकत हळूच, "पण ते बरोबर बोलतायत हो."

तुम्ही आयुष्यभर कारखान्यात क्रेन चालवलीत. म्हणायचात, लटकता माल आत्ता कुठे आहे ते बघू नये, कुठे येणार ते बघावं. माणसाचंही तसंच असतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. हात मिळाले. मी माती कपाळाला लावली, मान खाली घातली, मनात नाव घेतलं, अगदी खरं. पापण्या खाली आणल्या पण फट ठेवली. त्या फटीत त्याचा उजवा पाय होता. टाच उचलली गेली, अंगठा मातीत रुतला. तो अजून हलला नव्हता, पण निघाला होता. माणसाचं ठरतं आणि तो हलतो, यांच्यामध्ये एक बारीकशी जागा असते, आणि त्या जागेत त्याला काही दिसत नाही. त्याला फक्त माझे मिटलेले डोळे दिसत होते. मी बाजूला सरकलो. तो खाली वाकून आला तेव्हा त्याची मान आयती माझ्या काखेत आली, आणि मी त्याला चीत केलं.

पाठीवर पडल्या पडल्या तो हसला. "पंडितजी, आज पूजा में बेईमानी की." तुम्ही टाळी वाजवली नाहीत. लंगोटावरची माती झटकणाऱ्या मला एवढंच म्हणालात, "चल, काकू थांबलीय."

त्याच नोकरीवर माझं घर उभं राहिलं. तो बेईमानी म्हणाला ते मी कधी मनाला लावून घेतलं नाही. नाव खरं होतं, ते ज्याचं घेतलं त्याला ठाऊक आहे. त्या मुलीलाही मी हेच शिकवीन, फक्त मारुतीचं तिला सांगायचं की नाही, ते अजून ठरलेलं नाही.

आता तुम्ही नाही, म्हणून हा कागद देवघरात मारुतीच्या तसबिरीमागे ठेवतोय. एक गोष्ट तुम्हाला कधी बोललो नाही. त्या दिवसापासून माझे डोळे पूर्ण मिटतच नाहीत. रोज हात जोडतो, नाव घेतो, आणि पापण्यांच्या फटीतून मला मारुतीचा पाय दिसतो. टाच उचललेली, अंगठा रोवलेला. निघालेला.