काचेला सुटलेला घाम

१२ जानेवारी, ल्युडरिट्झ

पोचले एकदाची! दोन दिवस बसमध्ये बसून कंबरेचा काटा ढिला झाला, पण घर बघितलं आणि शीण पळाला. शाळेचंच घर, कड्याच्या टोकावर. पुढच्या खोलीला भिंतभर खिडकी आणि खाली थेट समुद्र. मुख्याध्यापिका गोलिआथबाईंनी किल्ली दिली आणि कोपऱ्यातली रिकामी काचेची टाकी दाखवली, आधीच्या शिक्षकाची. म्हणाल्या, विज्ञानाच्या बाई ना तुम्ही, मग आपल्या समुद्रातले जीव यात जगवून दाखवा, पोरं येऊन बघतील. एप्रिलच्या तपासणीत टाकी जिवंत दिसली की नोकरी पक्की. नोकरी पक्की म्हणजे माझी लेक नेलाओ माझ्याजवळ. सहा वर्षांची आहे, उत्तरेला माझ्या आईपाशी ठेवलीय. निघताना पिवळ्या फ्रॉकमध्ये दारात उभी होती, रडली नाही. मीच रडले.

२० जानेवारी

वीस कॅन समुद्राचं पाणी टेकडीवर चढवलं. शेजारचे आपोलुसकाका पायरीवर बसून मजा बघत होते. जन्मभर शेवंडांसाठी बुड्या मारलेला माणूस. म्हणाले, मास्तरीणबाई, समुद्र दारात असताना घरात कशाला आणतेस? असं म्हणत शेवटचे दोन कॅन स्वतःच उचलले. इथला समुद्र बर्फासारखा आणि खोली उन्हानं तापलेली, म्हणून पाणी गार करणारं यंत्र दिवसभर घरघरतं. पाणी बारा अंशांवर आलंय. काका म्हणाले, आता महिनाभर आत काही सोडू नकोस, पाणी मुरू दे. घरी प्यायला बाजरीचं ओशिकुंडू आंबायला ठेवतो तसंच म्हणायचं.

२ फेब्रुवारी

महिना कोण थांबतंय. ओहोटीला खडकातल्या डबक्यातून एक खडकमासा आणि चार समुद्रफुलं आणली. मासा पिशवीसकट अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवायचा, मग हळूच सोडायचा, हे काकांनी शिकवलं. आठवड्यातून दोनदा बारीक चिरलेली कालवं वरून टाकायची. सगळं जमलं, पण मासाच दिसत नाही. पाणी थंड, खोली गरम, काचेला सारखा घाम. दिवसातून दहादा बाहीनं गोल पुसते आणि नाक लावून बघते.

९ फेब्रुवारी

मेला. पाणी दुधासारखं पांढरं. कचऱ्यात टाकला आणि दुसरा आणला. काकांनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. म्हणाले, आणलंस ते आणलंस, पण मेलं की जिथून उचललं तिथंच नेऊन ठेवायचं. समुद्र विसरत नाही. मी म्हटलं, काका, आता माशाची अंत्ययात्रा काढू का? ते हसले नाहीत.

२६ फेब्रुवारी

नाकी नऊ आले. तिसरा गेला, चौथा गेला. यंत्र दोनदा बंद पडलं. गोलिआथबाई उंटावरून शेळ्या हाकतात, बाई, जरा लक्ष द्या म्हणे. आता लक्ष देऊन देऊन माझेच डोळे माशासारखे झालेत. एक मेला की कचऱ्यात, आणि दुसरा आत. पाचवा नुसता कोपऱ्यात बसून राही, खाईना. वैतागून त्याला जोडीदार आणून दिला, तर त्याच संध्याकाळी खायला लागला. एकट्याला करमत नसणार.

काका सांगत होते, या घरात माझ्याआधी तीन शिक्षक झाले. एकही टिकला नाही. वाऱ्याला कंटाळून पळाले, असं शाळा म्हणते. सामान मात्र इथंच राहिलं. एक गेला की शाळा दुसरा आणते.

१४ मार्च

टाकीची काच आज कोरडी ठणठणीत. घाम खिडकीला सुटलाय, तोही बाहेरून. थर्मामीटर बघितला, तर खोली बारा अंश. यंत्र तर कालपासून बंद आहे.

घामात मधोमध एक गोल पुसलेला. बाहेरून. बाहेर उभं राहायला जागाच नाही, भिंत सरळ कड्याखाली उतरते.

१९ मार्च

खोलीच्या मधोमध जमिनीवर छोटासा ढीग. बारीक चिरलेली कालवं. छपरातून पडल्यासारखी. केरसुणीनं लोटली. घर सोडावंसं वाटतं, पण घर सोडलं म्हणजे नोकरी सोडली, आणि मग नेलाओ कुठं?

२३ मार्च

पुन्हा ढीग. दोन्ही मासे आणि समुद्रफुलं परत डबक्यात सोडून आले. माफी मागितली, अगदी मोठ्यानं. पण पहिले चार? ते कचऱ्याच्या गाडीतून गेले. कुठून आणून देऊ? काकांना विचारलं. त्यांनी घरात जाऊन दार लावून घेतलं.

२८ मार्च

दोन आठवडे झाले, जेवण जात नाही. कोपऱ्यात बसून असते. गोलिआथबाई येऊन गेल्या. म्हणाल्या, किती सुकलात हो, एकटीला करमत नाही तुम्हाला. तपासणीची वाट कशाला बघायची, मुलीला बोलावून घेते, उत्तरेहून शाळेची गाडी यायचीच आहे. मी नको म्हटलं. हात धरून म्हटलं. त्यांना वाटलं, मी संकोच करतेय —

२ एप्रिल

दार उघडत नाही. कडीचा दांडा मोडला तरी नाही. आईला फोन लागला एकदाचा — नेलाओ काल निघाली, आई म्हणाली, गाणं म्हणत गाडीत बसली. मग फोनमध्ये नुसतं पाणी —

काका शेजारी त्यांच्या अंगणात आहेत. बाजूच्या खिडकीची काच बडवते. त्यांना दिसत नाही. घाम —

४ एप्रिल, सकाळ

गाडी थांबल्याचा आवाज. मी ओरडतेय, नेलाओ, येऊ नकोस — आवाज खोलीतच राहतो —

खिडकीवर गोल. कुणीतरी पुसतंय, हळूहळू. गोलभर डोळा.

वरून उजेड. छप्पर उचललंय. मी टाकीचं झाकण उचलायचे तसं, अगदी हलक्या हातानं —

पिशवी खाली येतेय. वर तरंगत ठेवलीय. पिवळा फ्रॉक. ती माझ्याकडे बघून हसतेय. अर्धा तास. अजून अर्धा तास आहे —

ढीग आलाय. आणि मला — देवा, तीन आठवड्यांनी — मला भूक ला