नळीच्या तोंडातलं पान

अप्पा, सगळ्यांत आधी आली ती शेजारची म्हातारी. पोलीस यायचे होते दहाला आणि ही साडेनवालाच दारात, हातात मुळ्याची जुडी. मुळा आपलं निमित्त, पोलीस बघायचे होते तिला. तिच्याकडे म्हणे ते आधीच जाऊन आले होते, ही भारतातली बाई भांडते का, पिते का, सगळं विचारून. माझी नात सहा वर्षांची, तीच मला जपानीचं मराठी करून सांगते. म्हणाली, "आजी, ती सांगते, तिने सांगितलं आई चांगली आहे, फक्त कचरा चुकीच्या दिवशी टाकते." आता कचरा टाकते मी, पण नाव झालं लेकीचं. मी म्हातारीला शंकरपाळ्यांची बशी दिली.

माझ्या लेकीला तुम्ही पाहिलं नाहीत. क्योतोच्या विद्यापीठात ती जंगलाचा अभ्यास करते, म्हणून आम्ही शहराबाहेर डोंगराच्या पायथ्याशी राहतो. जावई नोकरीला नागोयात, शनिवारी येतात. तिने वर्षभर जपलेली रोपं रानडुकरं एका फेरीत उकरून टाकतात. गावातले शिकारी सगळे सत्तरीचे. ते म्हणाले, आमचे गुडघे गेले, तूच परवाना काढ. आणि ही निघाली की हो बंदूक घ्यायला! तुमची नात, अप्पा! मला असं हसू आलं म्हणून सांगू!

परीक्षा झाली, डॉक्टरचा दाखला झाला, मग बंदूक पसंत करायला मलाही घेऊन गेली. दुकान कसलं, चष्म्याच्या दुकानासारखं शांत. दुकानदार म्हातारा, हातात पांढरे मोजे. त्याने आधी लेकीचा हात कोपरात वाकवून दस्ता लावून पाहिला, बोट घोड्यापर्यंत पोचतं का. मग तीन तऱ्हा मांडल्या. एक दोन नळ्यांची, मधे मोडली की उघडते, नळीतून पलीकडचा उजेड दिसतो. मला तीच आवडली. दुसरी एक बार झाला की पुढचं काडतूस आपलं आपण घेते. तिच्यापासून मी दोन पावलं मागेच सरले. तिसरी ही, नळीखालची मूठ हाताने मागे ओढायची, पुढे ढकलायची, खटाक खटाक, तेव्हा कुठे काडतूस वर येतं. लेक म्हणाली, "आई, ही स्वतःहून काही करत नाही. मी ओढली तरच. आणि चिखलात, बर्फात अडत नाही, गावातल्या आजोबांकडे हीच आहे, बिघडली तर ते दाखवतील." मी म्हटलं, "पण काडतुसं कुठायत?" तर खालच्या नळकांड्यात दोन, वर एक, तीनच मावतात, पण बाहेरून काही दिसत नाही. मी म्हटलं, "मग भरलेली की रिकामी हे कळायचं कसं गं?" तिने ते दुकानदाराला सांगितलं. तो हसला नाही, अप्पा. त्याने मूठ मागे ओढली, आत पाहिलं, आत बोट घालून चाचपलं, मग बंदूक लेकीच्या हातात दिली. तिने लगेच तेच केलं. परत घेताना त्याने पुन्हा तेच केलं. त्याने आत्ताच तर पाहिलं होतं ना? तरी पुन्हा. घरी येताना बसमध्ये मी खिडकीला कपाळ टेकून बसले. लेकीला वाटलं मला गाडी लागली.

तुमची ठासणीची बंदूक दिसत होती मला. पडवीच्या कोपऱ्यात उभी असायची, भाताच्या राखणीची. दारू तोंडातूनच ठासायची, तिला उघडून बघायची सोयच नव्हती. भरली की नळीच्या तोंडात तुम्ही आंब्याचं हिरवं पान खुपसायचात. पान असलं की भरलेली, नसलं की रिकामी. आई रागवायची, गज घालून का नाही बघत? तुम्ही म्हणायचात, "पान मी लावलंय, दुसरं कोण काढतंय?" मी तेव्हा आठ वर्षांची. त्या सकाळी तुम्ही पाहिलंत, पान नाही. म्हणून दारू भरली, छर्रे भरले आणि शेताकडे गेलात. बार झाला तो अजून माझ्या कानात आहे. नळी फुटली, डाव्या हाताची दोन बोटं गेली. पाटील आले, पोलीस आले, आणि तुम्ही पालथी मूठ कपाळाला लावून म्हणालात, "चूक माझीच. विसरलो, दोनदा भरली." मग तुम्हाला पेंढ्या बांधता येईनात, म्हणून माझी शाळा सुटली. तिसरीत. सगळ्यांना वाईट वाटलं माझं. मलाच तेवढं वाटलं नाही.

तर आज पोलीस आले दोघे, एक थोराड, एक कोवळा. बूट काढून नीट जोडून ठेवले, वाकून नमस्कार केला. चहाला हात लावला नाही, शंकरपाळे म्हातारीनेच संपवले. बंदूक अजून दुकानातच आहे, हे घर पसंत पडलं तरच मिळायची. त्यांनी लोखंडी कपाट हलवून पाहिलं, भिंतीला घट्ट होतं. मग लेकीला अंगणात जायला सांगितलं आणि मला विचारू लागले. नात मधे बसलेली, एकदम ऐटीत. "आजी, आई रागावली की काय करते?" मी म्हटलं, भांडी घासते. थोराड पोलीस हसला. मग त्याने काही विचारलं आणि नातीने मला न विचारताच उत्तर दिलं, आणि स्वयंपाकघराकडे बोट केलं. पोलीस हसायचा थांबला. कपाटाची किल्ली कुठे असते, हे विचारलं होतं. ती लेकीशिवाय कुणाला ठाऊक असता कामा नये, असा इथला कायदा. आणि परवा टेबलावर पडलेली ती किल्ली मीच उचलून तांदळाच्या डब्यात खुपसली होती, आपल्याकडे ठेवतो तशी. मला वाटलं मी सांभाळून ठेवली. पोरगी बघत होती.

लेकीला आत बोलावलं. नातीने दाखवलेल्या डब्यात हात घालून तिने किल्ली काढली तेव्हा तिलाही पहिल्यांदाच कळलं असणार. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. वाकून त्यांना काहीतरी म्हणाली. मी नातीला विचारलं, काय म्हणाली गं? "म्हणाली, चूक माझीच."

पोलीस गेल्यावर तिने मला बोल लावला नाही. म्हणाली, "आई, भात टाकूया का?" तुम्हीपण मला कधी काही विचारलं नाहीत. तुम्हाला ठाऊक होतं का, अप्पा?

हे मी नातीच्या चौकोनांच्या वहीत लिहितेय, एका चौकोनात एक अक्षर लिहायला गेले, ते काही जमलं नाही. ते पान मी काढलं होतं. बाहुलीच्या लग्नाला तोरण हवं होतं. झाडाची पानं उंच होती, हे हाताला येत होतं. हा कागद कुठे धाडायचा? डब्यातली किल्लीची जागा रिकामी झालीय, तिथे ठेवते. "किल्ली मी ठेवली" एवढं जपानीत म्हणायला नातीकडून शिकलेय, दुपारपासून घोकतेय. परवाना मिळतो की जातो, ते त्यावरही असेल. तुम्हाला सांगायचं ते तर मराठीतच होतं, तरी पन्नास वर्षं तोंडातून निघालं नाही.

मंगळवारी दहाला परत येतो म्हणालेत पोलीस.