पुढच्या खोलीचा रेडिएटर

बेथेस्दा, वेल्स
६ जानेवारी १९९८

ती. मेरेरिदताईस,
सा. न. वि. वि.

तुझा खोकला उतरला म्हणे. आता दुखणं माझ्या घराला लागलंय. शुक्रवारी नर्सबाई थर्मामीटर घेऊन येणार. तुझ्यासाठी ठेवलेल्या वरच्या खोलीत अठरा अंश भरले तरच हॉस्पिटल तुला माझ्याकडे सोडेल. नाहीतर इंग्लंडातला चेस्टरचा वृद्धाश्रम, जिथे आपल्या वेल्श भाषेत चहा मागायचीही सोय नाही. आज वरच्या खोलीत तेराच आहेत.

बॉयलरचं गरम पाणी रेडिएटरांत ढकलणारा पंप सगळ्यात जोरात ठेवलाय, तरी वरचा रेडिएटर कोमटच, आणि पाइप धडाधड वाजतात. काल ऐकत बसलो होतो. सात ठोके नीट पडतात, आठवा चुकतो. पॅरी गुरुजी कवितेला छडीने असाच ताल धरायचे, आठवतं? बॉयलर पेटतो आणि दोन मिनिटांत विझतो. मिस्त्री सोमवारशिवाय येत नाही. ताई, भीती वाटते गं.

लोभ आहेच, या थंडीत थोडा वाढव.
तुझा इद्वल

हॉस्पिटल, ७ जानेवारी

चि. इद्वल यास,
अ. उ. आशीर्वाद.

ठोके कसले मोजतोस? गुरुजींनी तुला तेव्हाच खिडकीपासून उठवायला हवं होतं. मला चेस्टरला मरायचं नाही, म्हणून नीट वाच.

शेजारच्या खाटेवर प्रॉबर्टबाई आहेत. त्यांच्या नवऱ्याचा जन्म बॉयलर दुरुस्त करण्यात गेला. त्यांनी विचारलं, घरातले किती रेडिएटर बंद आहेत? मी म्हटलं, पुढची खोली तर बंदच असणार. ती पाद्रीबाबा आले की उघडायची, नाहीतर घरातलं कुणी गेलं की. तिथे ऊब कुणाला हवी? त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, पाण्याला वाटच ठेवली नाहीत आणि पंप मागून रेटतोय, मग पाइप ओरडणार नाहीत तर काय!

सगळे रेडिएटर उघड. पंपाचा वेग मधला ठेव. मग सगळं बंद करून, गार झाल्यावर, प्रत्येक रेडिएटरमधली हवा त्याच्या छोट्या किल्लीने सोड. फुसफुस थांबून पाणी आलं की किल्ली आवळ. बाबांना शेवटचं जिथे ठेवलं होतं त्याच भिंतीला तो रेडिएटर आहे, ठाऊक आहे मला. तरी उघड.

अंगात लोकर घाल, डोक्यात कविता नको.
तुझी ताई

बेथेस्दा, ९ जानेवारी

ती. ताईस, सा. न.

पुढच्या खोलीतल्या रेडिएटरचा नळ गंजून बसला होता. तेल सोडलं, बाबांची माफी मागितली आणि पिळला. पाइप दोनदा गडगडले, मग असे गप्प झाले की भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं.

पण नर्सबाईंनी वर मोजलं तर साडेसोळा. त्या कागद भरायला लागल्या. लिहायला टेबल हवं म्हणून त्या पुढच्या खोलीत गेल्या. तिथे त्यांनी आधी स्कार्फ सोडला, मग कोट काढला, मग माझ्याकडे बघितलं. थर्मामीटर लावला. वीस! पाइप आधी त्याच खोलीत जातो ना. म्हणाल्या, आजींची खाट इथेच टाका, जिनाही चढायला नको.

ताई, मी हो म्हणून बसलो. त्या खोलीत. रागावशील का?

उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून,
इद्वल

हॉस्पिटल, १० जानेवारी

चि. इद्वल, अ. उ. आ.

वेड्या, रागावू कशाला? आई, बाबा, तुझी बायको नेस्ता, सगळे त्या खोलीतून खांद्यावर बाहेर गेले. मी चालत आत येणार आहे. पडदे उघडून ठेव, आणि पाद्रीबाबांना सांग, आता चहा स्वयंपाकघरात मिळेल.

मंगळवारी सोडतात. पाइप गप्प झालेत, तर गुरुजींची ती कविता तूच म्हण. ओळ चुकलीस तर याद राख. मला इथून काठी मिळाली आहे.

काठीसकट तुझीच,
मेरेरिद