अजगरापुढं दुधाची बशी

सोलापूर, श्रावणी सोमवार, संध्याकाळ

डोकं फिरलंय नुसतं. लेक गावाला जाताना तिनं नुकताच घेतलेला परदेशी अजगर माझ्या हवाली करून गेली. आल्यापासून त्यानं अन्नाला तोंड लावलेलं नाही. आज फ्रीजरमधला मेलेला उंदीर कोमट करून चिमट्यात धरला, तर पठ्ठ्यानं पेटीतल्या लपायच्या मडक्यातून मान बाहेर काढली की! तेवढ्यात आमची ही शेजारणींना घेऊन आत. दुधाची बशी, हळदकुंकू, पेटीचं झाकण उघडून नमस्कार. बिचारा परत मडक्यात.

"अहो, श्रावणात देवाला उंदीर चारता व्हय?"

"देव न्हाय तो, उपाशी लेकरू हाय!" ओरडलोच मी.

साप दूध पीत नाही, किती वेळा सांगू? बशी उचलून मांजरापुढं ठेवली. उद्यापासून खोलीला कुलूप. चिडू दे तिला. उपाशी मेला, तर कुंकू कुणाला वाहणार?