लोणच्याची डबी

२५ जानेवारी

आज ह्यांचा दहावा. महादेवघाटावर गेलो. पिंड ठेवला. कावळे समोरच्या झाडावर बसून राहिले — एकही खाली उतरला नाही.

अभिनव हात जोडून म्हणाला, "पापा, मम्मी को मैं पुणे ले जाऊँगा. चिंता मत करो." तरी नाही. बाबाराव भावजी म्हणाले, "वहिनी, तुमी बोला ना! दादाचं काय राहून गेलं?" मला काहीच सुचेना. इतक्या वर्षांचा संसार! शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला.

२९ जानेवारी

काल तेरावा झाला. अभिनवने वायफायचं यंत्र काढून खोक्यात भरलं. "अब यहाँ कौन चलाएगा, मम्मी?" मी बरं म्हटलं. फेब्रुवारीअखेर मला न्यायला येईल.

३१ जानेवारी

काही नाही.

२ फेब्रुवारी

ह्यांच्या शाळेतला शिपाई हरिदास बीरगावच्या आपल्या घरून आला. हे वर्गातच कोसळले, त्या दिवशीचा डबा तिथेच राहिला होता. घासून आणला. म्हणाला, "भाभीजी, डिबिया ला खोलके देखव."

लोणच्याच्या डबीत पेन ड्राइव्ह!

मग त्यानेच सगळं सांगितलं. शाळा सिलतऱ्याच्या पुढे, बरीच आत खेड्यात. तिथे तळ्याच्या बांधावर चढलं तर फोन लागतो. व्हिडिओ नुसता फिरत राहतो. मोठा रिचार्ज पोरांना परवडत नाही. हे रोज संध्याकाळी इथे घरच्या वायफायवर बारावीच्या धड्यांचे व्हिडिओ उतरवून घ्यायचे आणि शाळेच्या संगणकावर दाखवायचे. वाटेत कारखान्यांची काळी धूळ — म्हणून ती घट्ट झाकणाची डबी. मला वाटायचं, बीपीमुळे लोणचं सोडलं!

"लइका मन रोज पूछथें, भाभीजी. परीक्षा तो आ गे." पोरं रोज विचारतात, एवढं सांगून हरिदास चपला घालू लागला. काही मागितलं नाही.

घाटावर ह्या पोरांच्या धड्यांचं कोणी बोललंच नाही.

४ फेब्रुवारी

खोकं उघडलं. वरच्या मजल्यावरच्या पिंकीने यंत्र जोडून दिलं. धडे कसे उतरवायचे, ते दोनदा दाखवलं. "आंटी, आप तो जल्दी सीख गए!" म्हणे.

अभिनव फोनवर चिडला. "मम्मी, टिकट हो गया है!" परीक्षा होईपर्यंत येत नाही, म्हटलं. नंतरचं नंतर.

५ फेब्रुवारी

धडे उतरले. हरिदास सकाळी बसच्या आधी येऊन नेणार.

डबी कोरड्या फडक्याने पुसली. पेन ड्राइव्ह आत ठेवला. झाकण दाबून लावलं.