तुमच्या गच्चीवर विमान पडलंय का?

४ नोव्हेंबर, रविवार

पिवळी गेली. पडली नाही — गेली!

माझ्या रिमोटवरच्या विमानाच्या तीन-चार फेऱ्या छान झाल्या. क्लबात उडवायला शिकवणारे मास्तर शेजारी उभे होते, नेहमीसारखे हात पाठीमागे बांधून. नव्या माणसाला एकट्यानं उडवू द्यायचं नाही, हा क्लबचा नियम. आणि दोन वर्षं झाली तरी मी त्यांच्या लेखी नवीच. मोठ्या वळणावर रिमोटची दांडी डावीकडे ओढली आणि काहीच झालं नाही. विमान आपलं सरळ.

"डावीकडे घ्या बाई. डावीकडे!"

"घेतेच आहे मास्तर!"

त्यांनी रिमोट माझ्या हातातून घेतला. त्यांचंही ऐकेना. झाडांवरून, वस्तीच्या दिशेनं, धुरकट हवेत एक पिवळा ठिपका. मग तोही नाही. आवाज मात्र थोडा वेळ येत राहिला. मग तोही नाही.

क्लबच्या सचिवांनी शिट्टी मारली. सगळ्यांनी आपापली विमानं उतरवली. एकदम केवढी शांतता! मास्तरांनी हळूच विचारलं, "फेलसेफ तपासलं होतंत?"

नव्हतं. गेल्या आठवड्यात विमानातला रिसीव्हर बदलला. बदलला की फेलसेफ परत लावावं लागतं — म्हणजे रिमोटशी संपर्क तुटला तर मोटर आपोआप बंद होते, आणि विमान मैदानातच खाली येतं. नाही लावलं तर ते शेवटचा हुकूम धरून उडतच राहतं. पाठ आहे मला हे सगळं. शेडच्या भिंतीवरचा नियमांचा बोर्ड माझ्याच अक्षरात आहे!

"नाही," म्हटलं. सगळ्यांनी ऐकलं.

सचिव ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, "विमान सापडेपर्यंत मैदान बंद. कुणाला लागलं-बिगलं असेल तर?" मैदान शीतगृहाच्या मालकांचं. त्यांची अटच आहे तशी. पोलीस चौकीत सचिव स्वतः सांगून आले. बाकीच्यांनी पंख काढले, गाड्यांत भरले. कुणीतरी मला पाण्याची बाटली दिली. कोण होतं ते पाहिलंच नाही मी.

५ नोव्हेंबर, सोमवार

अडीच किलो. पुढे फिरता पंखा. झोप कसली लागते!

संध्याकाळी मास्तर आणि मी गाडीतून वस्तीच्या कडेकडेनं फिरलो. काच खाली करून, माना वर करून. तिथं जुनी घरं, एकाला एक चिकटलेली, सगळ्यांना गच्च्या. खालून काय कपाळ दिसणार! मास्तर म्हणाले, "घरोघर विचारावं लागेल." मग जरा थांबून, "तुम्हाला जमेल का?"

त्यांना माहीत आहे. क्लबात मी दोन वर्षांत कुणाशी धड दहा वाक्यं बोलले नसेन. येते, उडवते, जाते.

६ नोव्हेंबर, मंगळवार

पेपरात काही नाही. दोनदा पाहिला.

७ नोव्हेंबर, बुधवार

आज गेले. पहिल्या दारासमोर बराच वेळ उभी होते. बेलवर बोट ठेवायचं आणि काढायचं. शेवटी आतूनच एका गृहस्थांनी दार उघडलं. बाहेर निघाले होते बिचारे, मला बघून दचकले.

"माफ करा — तुमच्या गच्चीवर विमान पडलंय का?"

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग आकाशाकडे. "कुठून सुटलेलं?"

खेळण्यातलं, म्हणून सांगितलं. पंखांची लांबी हात पसरून दाखवली. त्यांनी दार लावून घेतलं. आतून बायकोला सांगताना ऐकू आलं — "काही नाही गं, कुणीतरी बिचारी आहे." बिचारी!

दुसऱ्या घरात कुत्रा. तिसऱ्या घरात एका बाईनं नीट ऐकून घेतलं, वर जाऊन पाहून आली, "नाही हो," म्हणाली, आणि वर "सापडलं का ते कळवा" असंही. घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यात घोळत होतं.

कामं तुंबलीयत. दातांच्या दवाखान्याचा माणूस आज पुन्हा साचे देऊन गेला. दोन कवळ्या, एक ब्रिज. मेण तापवलं आणि तसंच थिजलं.

९ नोव्हेंबर, शुक्रवार

त्या वस्तीतली पहिली गल्ली संपली. शेवटच्या घरात एक आजी. एकट्याच. पाठ इतकी वाकलेली की बोलताना मान तिरपी करून वर बघतात.

"विमान? बघ बाई वर जाऊन. मला काही जिना चढवत नाही. आणि जातेच आहेस तर टाकीचं झाकण आहे का बघ, रात्री वाजत असतं."

वर गेले. विमान नव्हतं. झाकण होतं, वाऱ्यानं सरकलेलं. नीट बसवून वर वीट ठेवली. खाली आले तर कॉफी तयार, आणि प्रश्नांची सरबत्ती. वर काय काय आहे? कोपऱ्यातली कुंडी? शेजाऱ्यांनी मजला चढवलाय म्हणतात, खरं का? तिकडून नदी दिसते का अजून?

स्वतःच्याच गच्चीची बातमी! मी आठवून आठवून सांगत होते. कुंडी फुटलीय हे मात्र सांगितलं नाही.

"तुझं काय काम असतं गं?"

"दात करते, आजी. कवळ्या."

"मग बस की जरा, आमच्या ह्यांच्याकडे बघ!" — आणि त्यांनी आपली कवळी काढून सरळ माझ्या हातात दिली. अशी हसले मी! घरी इतक्या मोठ्यानं हसले तर शेजारी दार वाजवतील.

कवळी सैल आहे. मंगळवारी घासून, बसवून आणून देते म्हटलं.

११ नोव्हेंबर, रविवार

मैदान नाही. रविवार काय करतात लोक?

ताईचा फोन. "अजून उडवतेस का ते खेळणं? वय काय आपलं!" मी विषय बदलला. तिनं तिच्या सुनेचं सगळं सांगितलं. शेवटी "तुझं काय?" आणि मी "माझं काय असणार" म्हणेपर्यंत तिकडे कुकरची शिट्टी झाली. ठेवला तिनं.

दुपारी मास्तरांचा फोन. सापडलं का? नाही. "लोक जरा चिडलेत, बाई. मनाला लावून घेऊ नका. आठवडाभर वाट बघतात हो रविवारची. माझीच बायको म्हणते, तुम्ही घरात असलात की घर लहान पडतं."

ते सगळे माझ्यामुळे घरात बसलेत.

१३ नोव्हेंबर, मंगळवार

आजींना कवळी बसली! त्यांनी आधी पाव चावून बघितला, मग मला.

म्हणजे खरंच. माझा हात धरून मनगटाला हळूच दात लावले आणि खुदकन हसल्या. "घट्ट आहे हो!"

कोपऱ्यावरच्या चावीवाल्यानं माझं काम आपल्याकडेच घेतलंय. चावी करायला येईल त्याला विचारतो — पिवळं विमान पाहिलंत का? मला बघताच लांबून हात करतो. "विमानवाल्या बाई! सतरा नंबर बघायचं राहिलंय, दुपारी घरी असतात ते." मला तिथं नाव आहे.

दुकानाशी एक गृहस्थ हसत उभे होते, आणि हसताना वरचे डावीकडचे तीन दात दिसले. माझे! त्या मधल्या दाताला मी मुद्दाम बारीकशी चीर ठेवली होती, शेजारच्या खऱ्या दातासारखी. इतकी वर्षं करते, पण केलेलं काम कुणाच्या तोंडात हसताना पहिल्यांदाच पाहिलं. बोलले काही नाही. सारखी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. काय वाटलं असेल त्यांना!

१५ नोव्हेंबर, गुरुवार

आज वाईट झालं.

सतरा नंबर. तरुण माणूस, खांद्यावर लंगोटातलं बाळ. वरच्या मजल्यावर अर्ध्या भागाला छप्पर नाही, नुसती हिरवी जाळी ताणलीय. तिच्याखाली पाळणा. उजेड येतो म्हणून दिवसा बाळाला तिथं झोपवतात.

मी बोलता बोलता थांबले. त्याच्या लक्षात आलं.

"किती वजन म्हणालात?"

सांगितलं.

"त्या रविवारी सकाळी हा इथंच झोपला होता."

"म्हणजे हौस तुमची, आणि आम्ही वर बघत बसायचं? आणि ते अजून कुठंतरी अडकलेलं असेल आणि वाऱ्यानं खाली आलं, मग?"

आवाज चढला तसं बाळ रडायला लागलं. बायको आतून आली, त्याला शांत करू लागली — नवऱ्याला की बाळाला, कळेना. जिना उतरताना तो वरून म्हणाला, "सापडलं की आधी मला सांगा. पाळणा आत घेतलाय आम्ही. बाळ आत झोपत नाही."

बरोबर आहे त्याचं. एकेक शब्द बरोबर आहे. एक बटण दाबून तपासायचं होतं. रिमोट बंद करायचा, मोटर थांबते का बघायची — एवढंच! मी घाईत होते. का, तर वारा पडलेला होता, आणि वाटलं, मास्तर "वा" म्हणतील.

जेवले नाही.

१७ नोव्हेंबर, शनिवार

सचिवांचा फोन. मालकांनी महिनाअखेरची मुदत दिली. तोवर विमान सापडलं नाही, किंवा कुठं पडलं ते कळलं नाही, तर जागा परत घेणार. "बावीस वर्षांचा क्लब आहे बाई," म्हणाले. राग नव्हता आवाजात. थकले होते.

मी म्हटलं, रोज जाते. म्हणाले, "कळतंय. चावीवाला भेटला होता."

१८ नोव्हेंबर, रविवार

आजींकडे दिवा गेला होता, बदलून दिला. चावीवाल्याच्या बायकोनं निरोप ठेवला होता, बुधवारी चहाला या, तिच्या आईला कवळी करायचीय. कुत्र्याच्या घरातला कुत्रा आता भुंकत नाही. येताना एका बाईनं खिडकीतून विचारलं, "सापडलं का हो?" मी नाही म्हटलं तर तिनं इतक्या मनापासून "अरेरे" केलं!

घरी आले. कुलूप काढलं. दिवा लावला. टेबलावर सगळे साचे ओळीनं, तोंडं उघडी. इतके दिवस कधी जाणवलं नव्हतं. रेडिओ लावला, बंद केला.

पिवळी सापडली की काय करायचं?

असा विचार मनात आला आणि माझीच मला भीती वाटली.

१९ नोव्हेंबर, सोमवार

वारा. कवळ्या दोन पूर्ण. बाहेर पडले नाही. चावीवाल्यानं फोन करून विचारलं, "बरं आहे ना?"

२० नोव्हेंबर, मंगळवार

सापडली.

नव्या तीन मजली घराची गच्ची. वस्ती बघायची म्हणून गेले, आणि पाठीमागं मैदानाकडे नजर गेली. वीटभट्टीमागच्या निलगिरीच्या शेंड्यात पिवळा पंख, उन्हात लखलखीत. म्हणजे तशीच वळत वळत मागं फिरली होती. वस्तीवर आलीच नाही. सगळे उलट्या दिशेला शोधत होतो! खाली ओसाड जागा, चिटपाखरू नाही. कुणालाही काही झालेलं नाही. तिथंच कठड्याला धरून खाली बसले आणि हमसून हमसून रडले.

सतरा नंबरला लगेच जाऊन सांगितलं. पाळणा बाहेर घ्या म्हटलं. त्यानं डोळे मिटून घेतले, आणि मग "बसा ना" म्हणाला. मी म्हटलं, "एवढ्यात कुणाला बोलू नका." तो बघतच राहिला.

कोपऱ्यावर येऊन सचिवांचा नंबर लावला. पहिली रिंग वाजली. कट केला.

मग पलीकडच्या गल्लीत वळले — तिथं अजून कुणी मला ओळखत नाही — आणि पहिल्याच घराची बेल वाजवली. "माफ करा — तुमच्या गच्चीवर विमान पडलंय का?"