आडवं व्हायचा हात

कोबे, जपान
९ मार्च १९५८

ती. राधाताईस,
भिवाचा स. जयभीम. वि. वि.

मी खुशाल आहे. गोदीने पाठवलेलं जहाजबांधणीचं शिक्षण संपत आलं. ऑगस्टमध्ये बोटीवर चढेन आणि माझगावला पुन्हा कामावर हजर होईन. मासे खाऊन कंटाळलो, हे मात्र कोकणातल्या माणसाने कबूल करायचं नसतं.

आता अडचण सांगतो. कराटेच्या काळ्या पट्ट्याची परीक्षा जूनमध्ये आहे आणि मोरी गुरुजी मला बसू देत नाहीत. परीक्षेला कांकू-दाई नावाचा मोठा काता करावा लागतो. काता म्हणजे बाबांच्या लाठीच्या हातांसारखीच ठरलेली मालिका, फक्त हात रिकामे आणि शत्रू मनात धरायचा. कुठली हालचाल कशासाठी, हे ज्याचं त्याने शोधायचं. आरंभी दोन्ही हात डोक्यावर नेऊन बोटांच्या मधून आभाळ बघायचं, ते मला छान जमतं. पण शेवटाकडे गर्रकन वळून जमिनीवर पालथं व्हायचं असतं. तळवे टेकलेले, छाती जमिनीलगत, मान वर, नजर समोर, आणि लगेच उठायचं. तिथे माझं घोडं अडतं. गुडघे वाकतात, पुढे अंगच ऐकत नाही.

इथे एकमेकांना वाकून नमस्कार करतात, त्याची बाबांनी सूट दिली, कारण गुरुजीही आपल्यापुढे तितकेच वाकतात. पण हे वेगळं. आजोबांचं आयुष्य गावच्या पाटलापुढे जोहार घालण्यात गेलं, म्हणून या घरात पुन्हा कोणी जमिनीला नाक लावणार नाही, असं बाबा मैदानात लाठी शिकवताना सांगायचे. ज्याची पाठ वाकली तो बाहेर. ते हाडात मुरलं आहे. गुरुजी म्हणाले की तुला यात अपमान दिसतो, दुसरा अर्थ सापडेपर्यंत परीक्षेचं नाव काढू नकोस. एका हालचालीत जोहार दिसावा आणि त्यापायी परीक्षा अडावी, हे आपल्याच घरातल्या माणसाचं होणार. पट्टा न घेता परत यायचं माझ्या जिवावर आलं आहे.

तूच काही सुचव. बाबांना सांगू नकोस. लोभ आहे तितका राहू दे.

तुझा,
भिवा


डिलाईल रोड, मुंबई
२३ मार्च १९५८

चि. भिवास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

बाबांना सांगू नकोस म्हणतोस आणि पाकिटावर नाव घालतोस सीताराम कांबळे यांचं. पोस्टमनने ते मैदानात त्यांच्याच हातात दिलं. शहाणा आहेस.

बाबा आधी भडकले. आभाळाकडे हात म्हणजे सूर्याला नमस्कार काय, असं मला दरडावून विचारलं, जसा काही तो काता मीच रचला. मग म्हणाले की पट्टा नको नि परीक्षा नको, सरळ घरी ये म्हणावं. शेजारच्या कमलाबाईंना वेगळीच काळजी. कांकू-दाई ऐकून त्यांनी विचारलं की भिवा तिकडे बाळंतपणं करायला शिकतो काय. मला विचारशील तर पालथं होणं तुला नवं नाही. मी पाढे विचारले की तू खाटेखाली सरपटत जायचास.

त्यानंतर बाबा गप्पच झाले. गिरणीतून यायचे, जेवायचे, खिडकीशी बसायचे. शिवाजी पार्कला संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभेला गेलो, तिथेही घोषणा दिल्या नाहीत, तेव्हा मी घाबरले. आज मात्र तुझं पत्र पुन्हा मागून घेतलं आणि माझ्याकडे निळा कागद मागितला. रात्रशाळेत कमावलेलं त्यांचं अक्षर आहे, माझ्यासारख्या शाळामास्तरणीने मध्ये बोलू नये अशी ताकीद मिळाली आहे. त्यांचं पत्र सोबत आहे. प्रकृतीला जप आणि आम्हाला विसरू नकोस.

तुझी ताई,
राधा


चि. भिवा यास,
जयभीम.

मी रागावलो होतो. आता नाही.

दोन वर्षांमागे जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून सगळं गिरणगाव रस्त्यावर होतं. तू त्या दिवशी गोदीत अडकला होतास. लालबागला गोळीबार झाला तेव्हा मी मोर्चात होतो. आमच्या खात्यातला माधव माझ्यापुढेच मांडीत गोळी लागून पडला. मी डांबरावर पालथा झालो. छाती घासत त्याच्यापर्यंत गेलो, कॉलर धरली आणि ओढत गल्लीत आणला. सारा वेळ डोळे बंदुकांवर. माधव आज लंगडतो, पण गिरणीत साचे चालवतो. घरी बोललो नाही, कारण सांगण्यासारखं काही केलं असं वाटलं नाही. मी कुणापुढे वाकलो नव्हतो, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

माझ्या बापाची नजर जोहार घालताना जमिनीत असायची. वर बघायची मुभा नव्हती. तू लिहितोस, मान वर, नजर समोर. मग तो जोहार कसा होईल. तुझ्या कात्यात शत्रू कोण ते मला माहीत नाही. आपला माणूस पुढे पडला आहे आणि त्याला आणायचं आहे, असं धरून कर. छाती खाली जाऊ दे. हा माझा हुकूम समज.

सीताराम


कोबे
१६ जून १९५८

ती. बाबांस,
भिवाचा स. जयभीम. वि. वि.

पट्टा मिळाला. आधी ते सांगतो, म्हणजे ताई पत्राचा शेवट आधी वाचणार नाही.

पत्र आल्यापासून रोज तुमचा हुकूम पाळत होतो. अंग अडत नाही हे बघून गुरुजींनी बसू दिलं, अर्थ परीक्षेतच विचारीन म्हणाले. परीक्षेत वळलो आणि खाली गेलो, तेव्हा फळ्यांचा गारवा छातीला लागला आणि समोर माधवकाका दिसले. उठलो कसा ते आठवत नाही. गुरुजींनी सर्वांना अर्थ विचारला. कोणी म्हणालं तलवारीचा वार चुकवणं, कोणी म्हणालं शत्रूला फसवणं. मी लालबाग सांगितलं. माझी मोडकी जपानी भाषा, मध्येमध्ये हातवारे. गुरुजी म्हणाले की लढाईत हे शहर जळत होतं तेव्हा त्यांनी आपल्या आईला असंच जमिनीवरून ओढत बाहेर काढलं होतं. इतकी वर्षं हा काता शिकवूनही ती गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नव्हती.

नंतर त्यांनी मुंबई कोणत्या बाजूला असं विचारलं. मी अंदाजाने पश्चिमेकडे हात केला. बाबा, ते उभे राहिले आणि त्या बाजूला तोंड करून तुमच्यासाठी कमरेत वाकले. मला रडू आवरलं नाही. तुमचा मुलगा म्हणून मी त्या खोलीत फार उंच झालो होतो.

आशीर्वाद असेच पाठीशी असू द्यावेत.

तुमचा,
भिवा


डिलाईल रोड, मुंबई
२ जुलै १९५८

चि. भिवास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र बाबांनी मला मोठ्याने वाचायला लावलं, दार उघडं ठेवून, म्हणजे पूर्ण मजल्याने ऐकलं. कमलाबाईंनी साखर वाटली.

पण खरी हकिगत रविवारची. लाठीचा वर्ग भरला होता, मैदानात घोट्यापर्यंत चिखल. बाबांनी पोरांना सांगितलं की आज नवा हात शिकवणार आहे, आडवं व्हायचा, माझ्या भिवाने जपानात पास केलेला. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. वाकलेल्या पाठीला बाहेर बसवणारा हा माणूस. बाबांनी लाठी बाजूला ठेवली आणि इस्त्रीच्या सदऱ्यासकट चिखलात पालथे झाले. मान वर, डोळे समोर. माधवकाका हात द्यायला लंगडत पुढे झाले, पण ते पोचायच्या आत बाबा ताडकन उभे होते. मग एकेका पोराला आडवं घातलं आणि ज्याची नजर खाली गेली त्याला बाहेर काढलं. मला बाबांचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता, आणि तुझाही.

सदरा मी घासून घासून धुतला, छातीवरचा डाग निघत नाही. नवा शिवू या म्हटलं तर ऐकत नाहीत. काल समितीच्या सभेला तोच घालून गेले आणि पुढच्या रांगेत बसले.

माया आहेच, ती घ्यायला लवकर ये.

तुझी ताई,
राधा